गाण्याचे ग्रेडर

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत आणि प्रत्येक तालुक्यात एक तरी भाऊसाहेब सापडतात. पुसदला आहेत, उमरखेडला आहेत. वणीचे भाऊसाहेब 'आमच्या गावात राम शेवाळकर प्राचार्य होते' एवढं एकच वाक्य टाकून कुठलाही वाद जिंकतात. दारव्ह्याला दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण गाण्याच्या बाबतीत एक किराणा घराण्याचे आणि दुसरे जयपूरचे. पहिल्यांच्या घरात नवी सून आली, तेव्हा सासऱ्यांचं किराणा दुकान नेमकं कुठल्या चौकात आहे, हे तिला बरेच दिवस उमगेना.

या मंडळींना गाता येत नाही. वाजवताही येत नाही. घरात तसं काही चालत आलेलं नसतं. वडील तलाठी, आजोबा शेतकरी. पण कधीतरी, कुठून तरी गाणं कानात शिरतं आणि मग बाहेर निघायचं नाव घेत नाही. पुढचं सगळं आयुष्य त्या कानाच्या चाकरीत जातं.

मी लिहितोय ते भाऊसाहेब यवतमाळ शहरातले. नाव सांगत नाही. त्या नावानं त्यांना गावात कोणी ओळखतही नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असताना ज्यांच्या गळ्यात मफलर दिसेल ते भाऊसाहेब. गात नाहीत तर गळा सांभाळतात कशासाठी, असं मी एकदा वहिनींना विचारलं.

"वाहवा म्हणावं लागते ना," वहिनी म्हणाल्या.

१९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि भाऊसाहेब ग्रेडर म्हणून चिकटले. शेतकऱ्याच्या गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, चिमटीत धरून तंतू ताणायचा, ओलावा अजमावायचा, कवडी किती, कचरा किती ते बघायचं आणि दर्जा सांगायचा. शेतकऱ्याचं वर्ष त्या चिमटीवर. हे काम आयुष्यभर केलेल्या माणसाला बाकीचं जगही चिमटीत धरायची सवय लागते. भाऊसाहेबांनी गाणं धरलं. "आवाजाचा धागा लांब आहे, पण मजबुती नाही." "तान चांगली, पण कचरा फार." एखादा गायक सगळं बरोबर गायला आणि तरी आत काही हललं नाही, तर "एफएक्यू". म्हणजे सरासरी चांगला माल. त्याला जास्त भाव देता येत नाही आणि तो नाकारताही येत नाही. ठुमरी गाणाऱ्यांबद्दल त्यांचं एक ठाम मत आहे: "सुराला ओलावा पाहिजे, नाही कोण म्हणतो? पण बारा टक्क्यांच्या वर गेला की माल परत." आणि सत्तरीनंतर गाणाऱ्या बुजुर्गांना ते फरदड म्हणतात, झाडावरची अगदी शेवटची वेचणी. भाव कमी. पण त्यातच कधी एखादं बोंड असं निघतं की सीतादहीच्या पूजेला ठेवावं.

मैफलीत त्यांचा अंगठा आणि दोन बोटं सारखी हवेत काहीतरी ओढत असतात. शेजारच्याला वाटतं, ताल धरलाय. ताल त्यांचा केव्हाच सुटलेला असतो. ते धागा ताणत असतात.

राग ओळखण्याच्या बाबतीत त्यांची एक पद्धत आहे. आलाप सुरू झाला की डोळे मिटायचे, मान किंचित हलवायची आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचं, "कल्याणचा एक प्रकार दिसतो." संध्याकाळच्या मैफलीत हे वाक्य बऱ्याचदा खरंच निघतं. नाही निघालं तर "कल्याणची छाया दाखवून बुवांनी फसवलं" असं म्हणता येतं. दोन्हीकडून अब्रू शाबूत. मला यात लबाडी दिसत नाही. रागाचं नाव कळलं नाही म्हणून त्यांचं काही अडत नाही, अडतं ते शेजाऱ्याचं.

या माणसाच्या रसिकतेचं मूळ रेल्वेत आहे, असं माझं मत आहे. पुण्याचा श्रोता जेवून, पान लावून, चालत मैफलीला जातो. यवतमाळच्या श्रोत्याला आधी धामणगाव गाठावं लागतं. एवढा जिल्ह्याचा गाव, कापसाची एवढी बाजारपेठ, पण मोठी लाईन पंचेचाळीस-एक किलोमीटर लांबून, अमरावती जिल्ह्यातल्या धामणगावावरून गेली. एसटीनं धामणगाव, फलाटावर मुक्काम, मग विदर्भ एक्स्प्रेस. ख्याल ऐकायला निघालेल्या माणसाचा विलंबित तिथंच सुरू होतो.

गावाला रेल्वे नव्हती असं मात्र कोणी म्हणू नये. शकुंतला होती. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीनं कापूस बंदराकडे न्यायला टाकलेली अडीच फुटी लाईन, यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. देश स्वतंत्र झाला, सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही तेवढी कंपनीची राहिली. १९९४ पर्यंत तिला मँचेस्टरहून आणलेलं वाफेचं इंजिन ओढत होतं. फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावी, गाडी पुढे गेली की उघडी आणि चालत येऊन पुन्हा चढे. भाऊसाहेबांच्या मते शकुंतला विलंबित एकतालात चालायची. रुळांच्या प्रत्येक सांध्यावर एक मात्रा, दारव्हा मोतीबागला सम.

आणि या लाईनवरच त्यांचा तो प्रसिद्ध सिद्धांत उभा आहे. वसंतराव देशपांडे जन्मले कुठं? मूर्तिजापूरला, १९२० साली. 'कट्यार काळजात घुसली' लिहिलं कोणी? पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. आता नीट बघा. मूर्तिजापूर शकुंतलेचं एक टोक, दारव्हा मधलं जंक्शन. म्हणजे १९६७ साली रंगभूमीवर आलेलं ते नाटक मुळात शकुंतला लाईनचं नाटक आहे. त्यात खाँसाहेब झालेले वसंतराव एका स्टेशनावरून चढले आणि नाटककाराचं आडनाव दुसऱ्या स्टेशनावरून. दारव्हेकर नागपूरचे होते, असं कोणी सुचवलं तर भाऊसाहेब शांतपणे विचारतात, "आडनाव कुठलं?" संगीत जितेंद्र अभिषेकींचं, ते तर गोव्याचे, असं म्हटलं तर म्हणतात, "त्यांनी बदली करून गाडी पकडली."

डिसेंबर हा त्यांच्या आयुष्यातला दुहेरी महिना. कापसाचा ऐन हंगाम तोच आणि पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सवही तेव्हाच. संकलन केंद्रावर बैलगाड्यांची रांग पार गावाबाहेर गेलेली, आणि ग्रेडरला रजा हवी. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, तेव्हा कापसाच्या हंगामाचा विचार करायला हवा होता, असं भाऊसाहेबांना मनापासून वाटतं. मग दर डिसेंबरला त्यांची पुण्याची आत्या अत्यवस्थ होई. पहिल्या काही वर्षांनंतर साहेबांनी अर्ज वाचणं सोडून दिलं.

"आत्या यंदा किती दिवस अत्यवस्थ राहतील?"

"तीन रात्री, साहेब. चौथ्या दिवशी सकाळी भैरवी."

प्रवासाचं सामान ठरलेलं. सतरंजी, घोंगडी, मफलर, कानटोपी, डबाभर चिवडा, मेथीचे लाडू, मिरचीचा भुरका आणि ज्वारीच्या कडक भाकरी. रमणबागेच्या मैदानावर भारतीय बैठकीत जागा धरायची आणि सतरंजीचा कोपरा असा टाकायचा की पुढच्या माणसाला आपण अतिक्रमण केलंय असं वाटत राहावं. रात्र वर चढली की भुरका निघे. शेजारचे पुणेकर आधी नाक मुरडत, मग विचारीत, मग घेत, मग घशाला हात लावून पाणी शोधत. ओळखी अशाच व्हायच्या.

"आपण कुठले?"

"यवतमाळ."

"म्हणजे नागपूरजवळ ना?"

"नाही. नागपूर यवतमाळजवळ आहे."

तिथं त्यांनी अनेक थोरांना ऐकलं, आणि एका थोर गायकाच्या अख्ख्या मैफलीत ते घोरले, हे वहिनींनी मला सांगितलं. भाऊसाहेबांचं म्हणणं वेगळं. ती समाधी होती. त्या मैफलीबद्दल ते आजही तासभर बोलतात, आणि जागेपणी ऐकलेल्या कितीतरी मैफलींपेक्षा जास्त बारकाव्यानं बोलतात. शेवटच्या सकाळी भीमसेनजी गात आणि त्यानंतर सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लागे. सगळं मैदान उभं राही. भाऊसाहेब उभे राहत आणि त्याच वेळी घोंगडीची घडीही घालत, कारण परतीची गाडी गाठायची असे.

पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्रभराच्या बैठकी दहाच्या आत आवरायला लागल्या. नियमाला त्यांचा विरोध नाही. नवरात्रात यवतमाळच्या रस्त्यावरून जे डीजे जातात ते ऐकल्यावर कोणाचाच नसेल. कोलकात्याच्या खालोखाल दुर्गोत्सव आमचाच, असं गावात अभिमानानं सांगतात, आणि आवाजाच्या बाबतीत तर खालोखालसुद्धा म्हणायची गरज नाही. पण दहाला गाणं संपणार असेल तर मालकंस कधी गायचा? दरबारी कधी? "सरकारनं मध्यरात्रीचे राग रद्द केले," असं ते म्हणतात, "आणि एकाही आमदारानं प्रश्न विचारला नाही."

वहिनी अनेक वर्षं या प्रवासांत नव्हत्या. मग एका वर्षी त्यांनी अट घातली: एक मैफल, एक देवी. भाऊसाहेबांनी ती लगेच मान्य केली आणि तेव्हापासून त्यांच्या हिंडण्याला शिस्त आली. मिरजेला जायचं, ख्वाजा मीरासाहेबांच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं होणारं गाणं ऐकायचं, तर येताना कोल्हापूरची अंबाबाई. देवासला कुमार गंधर्वांचं घर बाहेरून का होईना बघायचं, तर चामुंडेची टेकडी चढायची. गोव्यात केसरबाईंच्या नावाचा समारोह, तर शांतादुर्गा. ग्वाल्हेरला तानसेन समारोहासाठी गेले, तेव्हा वहिनींनी दतियाची पीतांबरा शोधून काढली. तानसेनाच्या कबरीजवळ चिंचेचं झाड आहे, त्याचा पाला खाल्ला की गळा सुधारतो अशी गवयांची श्रद्धा. भाऊसाहेबांनी मूठभर तोंडात घातला.

"तुम्ही कशाला खाऊन राहिले?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला कुठं गायचं आहे?"

या प्रवासांची त्यांनी वही ठेवली आहे. मी ती वाचली आहे आणि तिच्यासारखं संगीतविषयक लेखन मराठीत दुसरं नाही. ग्वाल्हेरच्या पानावर असा मजकूर: थंडी कडक. दरबारी उत्तम, गंधार झुलता. कचोरी मध्यम, तेल जुनं. लॉजवाला प्रामाणिक. ही सगळी वाक्यं एकाच ओळीत, एकाच शाईत आहेत. गंधारात आणि कचोरीत उच्चनीच केलेलं नाही.

मिरजेहून त्यांनी तानपुरा आणला, ती हकीकत अजून धामणगाव रोडवर सांगतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ते नुसते बघायला शिरले होते. भोपळे टांगलेले, दांड्या तासणं चाललेलं, जवारी लावणारा कारागीर तार छेडून कान लावून बसलेला. या माणसाची चिमटी आणि आपली चिमटी एकच आहे, असं भाऊसाहेबांना वाटलं आणि ते फसले. गाणं येत नसलं तरी घरात तानपुरा असावा, असं म्हणत त्यांनी दिवाळीचा बोनस तिथं ठेवला. गाडीत त्याला वरचा बर्थ दिला, स्वतः रात्रभर खाली बसले. वहिनींनी त्याला दोन गोधड्यांत गुंडाळून पायाशी आणि डोक्याशी दोरी बांधली होती. पहाटे धामणगावच्या बसस्टँडवर तो लांबोडका ऐवज दोघांनी दोन बाजूंनी उचलून आणला, तेव्हा चहाच्या टपरीवरच्या दोघांनी टोप्या काढल्या.

कंडक्टर गाडीत चढू देईना.

"हे काय हाय?"

"तानपुरा."

"जिवंत हाय का?"

"लाकूड आहे हो. आणि हा भोपळा."

"भोपळा एवढा? मंग लगेज लागंन."

"भोपळ्याचं लगेज?"

"भोपळ्याचं नाही, लाकडाचं. भोपळा मांडीवर घ्या."

शेवटी अर्ध्या तिकिटावर तोड निघाली. म्हणजे कायद्यानं तो तानपुरा बारा वर्षांच्या आतला ठरला. तिकीट वहिनींनी जपून ठेवलं आहे. तानपुरा बैठकीच्या खोलीत भिंतीशी उभा असतो, दसऱ्याला त्याला हार घालतात. त्याच्या तारा लावायला गावातले एक संगीत शिक्षक वर्षातून एकदा येत. ते गेल्यापासून तो तसाच आहे.

आता पुस्तकं. भाऊसाहेबांच्या कपाटातलं पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, तिथं बसून वाचायला मिळतं, चहासकट. भातखंड्यांची क्रमिक पुस्तक मालिका, गोविंदराव टेंब्यांचं 'माझा संगीत व्यासंग', देवधरांचं 'थोर संगीतकार', वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी', किशोरीताईंचं 'स्वरार्थरमणी'. प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीनं भांडण. 'असहमत.' 'पुन्हा ऐकणे.' 'हे यांना कोणी सांगितले?' किशोरीताईंच्या पुस्तकात मात्र समास कोरा. मैफलीतली कुजबुजसुद्धा ज्या खपवून घेत नसत, त्यांच्या पुस्तकात पेन्सिल चालवायची हिंमत त्यांना झाली नाही.

या वाचनातून त्यांना एक गोष्ट सापडली, आणि ती मला शकुंतला-सिद्धांतापेक्षा जास्त पटते. भातखंडे वकील होते. वकिली सोडून देशभर हिंडले, खाँसाहेबांच्या विनवण्या करून बंदिशी गोळा केल्या आणि रागांची दहा थाटांत फाईल लावली. 'घरंदाज गायकी' लिहिणारे वामनराव चार्टर्ड अकाउंटंट. वसंतराव देशपांड्यांनी कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेबखात्यात कारकुनी केली. भाऊसाहेब विचारतात, गाणं गवयांनी गायलं हे खरं, पण ते सांभाळलं कोणी? ज्यांना दिवसभर आकडे जुळवावे लागत होते त्यांनी. संध्याकाळी पाच वाजता टेबलावरून उठणाऱ्या माणसाला सा जेवढा लागतो तेवढा चोवीस तास गाण्यात राहणाऱ्याला लागत नाही. वकील झाला, अकाउंटंट झाला, कारकून झाला. या ओळीत पुढे ग्रेडर यायला काय हरकत आहे? मला तरी हरकत दिसत नाही.

साहित्याशी त्यांचा संबंध गाण्यापुरताच. १९७३ साली यवतमाळला साहित्य संमेलन झालं आणि अध्यक्ष होते गदिमा. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाची छप्पन्न गीतं ज्यांनी १९५५-५६ मध्ये घराघरांत पोचवली ते गदिमा आपल्या गावात येणार म्हटल्यावर तरुण भाऊसाहेब मांडवात सर्वांत आधी जाऊन बसले. अध्यक्ष भाषण करतात, हे त्यांना तिथं गेल्यावर कळलं. २०१९ साली संमेलन पुन्हा यवतमाळला आलं. अरुणा ढेरे अध्यक्ष. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग ते बोलावणं मागे घेतलं, त्यावरून देशभर वादळ उठलं. भाऊसाहेबांना लोकांनी मत विचारलं. ते म्हणाले, "गवयाला बिदागी कमी द्या, तो गाईल. निमंत्रण देऊन येऊ नका म्हणा, तो पुन्हा या गावाचा रस्ता धरणार नाही." त्या संमेलनाचं उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केलं, शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेली याच जिल्ह्यातली बाई. त्या बोलल्या तेव्हा भाऊसाहेब मांडवात होते. आयुष्यभर गाड्यांतून कापूस उपसून दर्जा सांगणारी ती दोन बोटं मुठीत घट्ट मिटलेली होती. त्या भाषणावर त्यांनी मत दिलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही.

गावात मोठा गवई येतो तेव्हा भाऊसाहेबांचे हाल कुत्रा खात नाही. कारण ते स्वागत समितीवर असतात. सहाची मैफल. सात वाजता पाहुणे. दीपप्रज्वलन, काडी विझते, पुन्हा काडी. मग शाल आणि श्रीफळ. प्रायोजकांचा सत्कार, प्रायोजकांच्या वडिलांचा सत्कार, सभागृह दिल्याबद्दल सत्कार, माईकवाल्याचा सत्कार, आणि माईकवाला सत्कार घेत असताना माईक बंद. गवई विंगेत मारव्याची तयारी करून बसलेला. मारवा सूर्यास्ताचा. सूर्य केव्हाच आर्णी रोडच्या पलीकडे गेलेला असतो. गवई बिचारा एकेक राग सोडत जातो. मारवा जातो, पूरिया जातो, यमनही हातचा जाईल अशी वेळ येते. आणि गाणं एकदाचं लागतं, तेव्हा भाऊसाहेब बाहेर जनरेटरपाशी असतात, नाहीतर गवयाला जेवायला पातोडीचा रस्सा चालेल की घसा धरेल या चर्चेत. स्वतःच्या गावातली एकही मैफल त्यांनी सलग ऐकलेली नाही. पुण्यातल्या सगळ्या ऐकल्या, ती एक झोपेतली धरून.

शास्त्रीय गाण्याच्या बाहेर त्यांची मतं कडक आहेत, असा त्यांचा स्वतःचा समज आहे. वस्तुस्थिती निराळी. आर्णीला बाबा कंबलपोषांच्या उरुसात कव्वाली असली की ते 'सहज' तिकडे जातात. होळीला पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची लेंगी ऐकायला गेलेले मी त्यांना पाहिलंय. रात्री दोन वाजता, धुळीत, मफलरसकट. तुकडोजी महाराजांची खंजिरी त्यांनी लहानपणी प्रत्यक्ष ऐकली. एवढ्याशा चामड्यातून तो माणूस हजारो लोकांना एका ठेक्यावर कसा आणत होता, हे त्यांना आजही उलगडलेलं नाही. गुरुदेव सेवा मंडळाचं भजन कुठं चाललं असलं की ते बाहेर सायकल लावून उभे राहतात. आत जात नाहीत. आत गेलं तर टाळ्या वाजवाव्या लागतात आणि ताल चुकतो.

मुलगा पुण्यात नोकरीला लागला, त्यानं वडिलांना मोठा फोन आणि ब्लूटूथचा डबा आणून दिला. हवा तो गायक, हवा तो राग, हव्या त्या वेळी. ज्यांच्या मैफलीसाठी त्यांनी आत्या अत्यवस्थ केली ते सगळे आता खिशात आले. सुरुवातीचे दिवस ते फार खूश होते. मग एकेका गाण्याला दोन मिनिटं, मग दुसरं, मग तिसरं. शेवटी त्यांनी उपाय काढला. फोनवर मैफल लावायची असली की आधी आंघोळ, इस्त्रीचा सदरा, मफलर. घराबाहेर पडून दत्त चौकापर्यंत एक चक्कर. तिथून परत येऊन, चपला काढून, स्वतःच्या बैठकीत पाहुण्यासारखं बसायचं. तेव्हा गाणं लागतं म्हणे. मधेच उठायचं नाही, पाणीसुद्धा मागायचं नाही. वहिनी म्हणतात, "स्वतःच्या घरात मागच्या रांगेत बसून राहिले." कारण पुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या ठेवतात. पाहुण्यांसाठी.

नातवानं त्यांना सांगितलं की १९७७ साली व्हॉयेजर यानासोबत जी सोन्याची तबकडी आकाशात पाठवली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि ते यान आता ताऱ्यांमधल्या पोकळीत पोचलं आहे. हे त्यांना माहीत होतं; आपल्याला माहीत असलेलंच नातू सांगतोय याचा त्यांना आनंद झाला. "बरोबर," ते म्हणाले. "भैरवीच पाठवायची. परत यायचं नसेल तर भैरवीच."

२८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब अशी मोठी लाईन सुरू झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईनचा हा पहिला तुकडा. यवतमाळपर्यंतचा तेव्हा अजून यायचा होता. भाऊसाहेबांनी आयुष्यभर ज्या रेल्वेची वाट पाहिली ती तालुक्याच्या शेजारी येऊन थांबली म्हटल्यावर त्यांना राहवेना. पुण्याचं जाणं आता गुडघ्यांना झेपत नाही. वहिनींच्या अटीप्रमाणे आधी कळंबचा चिंतामणी. देवी नाही, पण त्यांनी गणपती चालवून घेतला. मग वर्ध्याचं तिकीट. मीही सोबत होतो.

गाडी सुटली. भाऊसाहेबांनी डोळे मिटले, मफलर सारखा केला, उजवा हात मांडीवर ठेवला. पाच मिनिटं गेली. भिडी आलं, गेलं. हात मांडीवरून उचललाच गेला नाही. त्यांनी डोळे उघडले, खिडकीतून खाली वाकून रुळांकडे बघितलं.

"सांधे कुठं आहेत?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, हल्ली रूळ एकमेकांना वितळवून जोडतात. मैलोगणती सांधा नसतो, म्हणून खडखड होत नाही.

"म्हणजे मात्राच नाही?"

"नाही."

"मग सम कुठं यायची?"

"वर्ध्याला," वहिनी म्हणाल्या. "तोपर्यंत डबा काढू का?"